तांबडीची चाल

उन्हाळी कुरणावर घोड्यांच्या पायांना यंत्रं बांधून मी त्यांची चाल संगणकाला शिकवत होतो. घोड्यांचे मालक, म्हातारे शैलोबेक, ज्यांना सगळे मानाने 'अता' म्हणत, म्हणाले, "पोरा, माझी तांबडी पुढचा डावा पाय जरा चोरतेय."

मी पडद्यावर तिच्या चालीची रेघ दाखवली. लोण्यासारखी मऊ. "घोडी ठणठणीत आहे, अता. तुमची नजर कमी झालीय."

ते हसले आणि तिच्यावर बसून डोंगराकडे दौडत गेले. वाटेत ती कोसळली. पाय मोडला होता, तिला कापावंच लागलं.

मग मी मूळ नोंदी उघडल्या. तिच्या प्रत्येक पावलाच्या रेघेत एक बारीक खाच होती. संगणकाला देण्याआधी रेघा गुळगुळीत करून घेतात. तेव्हा यंत्राची थरथर समजून ती खाच मीच पुसली होती.

चार दिवसांनी कबूल करायला त्यांच्या तंबूत गेलो. अतांनी मला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं आणि तांबडीच्या मांसातला पाहुण्याचा तुकडा माझ्या ताटात वाढला. त्यांच्या डोळ्यांवर जाड, नवा कोरा चष्मा होता.

"तुझंच खरं, पोरा. नजर गेली माझी. वाटेत एखादं बीळ असणार, मलाच दिसलं नाही. चष्मा लावून तीनदा शोधून आलो, अजून सापडत नाही."

मी घास गिळला.

"ओढ्याच्या बाजूला बघितलंत का, अता?"