पुकारा

तुरुंगाच्या अंगणात आज कोर्ट भरलं होतं. आंब्याखालच्या टेबलाशी मॅजिस्ट्रेटबाई आणि समोर भुईवर रांगा धरून बसलेले कच्चे कैदी. वर्षानुवर्षं ज्यांनी कोर्टाचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांच्यासाठी कोर्टच इकडे आलं होतं. पुकारा झाला की पुढे जायचं. नशीब जागं असेल तर जामीन, नाहीतर निदान तारीख.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या सावलीत, आणखी एक टेबल होतं. तिथे तडाला बसली होती, राजधानी लिलाँग्वेमधल्या एका रेडिओची बातमीदार. कोर्टाच्या बातम्या कशा द्यायच्या याच्या शिबिरात आज प्रत्यक्ष मुलाखतीचा धडा होता.

"नाव आधी विचारू नका," शिबिर घेणाऱ्या म्वेनिफुंबो सरांनी बजावलं होतं. "नाव विचारलं की माणूस पोलिसांशी बोलल्यासारखा बोलतो. आधी मोकळा होऊ द्या."

वॉर्डरने रांगेतल्या एकाला उठवून तिच्यापुढे आणलं. वाळलेला, पन्नाशीचा. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोन्ही तळवे पोकळ धरून हलकेच टाळ्या वाजवल्या. इकडे मान द्यायला सगळेच अशा वाजवतात. तडालाला त्यात वावगं काही दिसलं नाही.

"सांगा, बाबा," ती म्हणाली.

तो सांगत सुटला. मालकाच्या कोठारातून मक्याचं पोतं नेलं, खोटं कशाला बोलू. पोरं उपाशी होती. धाकटी तर मी आत असतानाच गेली. तडालाने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. पलीकडे कारकून कुणा लामेकी नामाख्वाचा पुकारा करत होता. पुन्हा पुन्हा केला. कुणी उठलं नाही, तेव्हा त्याने पुढची फाईल ओढली.

"वा," सर तिच्यामागून पुटपुटले. "याला म्हणतात ऐकणं."

त्याची कहाणी संपेपर्यंत आंब्याखालच्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती.

"नाव काय तुमचं?"

"लामेकी नामाख्वा."

तडाला खुर्चीतून उठली. "अहो, मग ते हाक मारत होते तेव्हा उठला का नाहीत?"

"ऐकलं की. पण कोर्टापुढे बोलताना मधेच उठून कसं जायचं?"

ती धावत सुटली. मॅजिस्ट्रेटबाईंची गाडी फाटकाबाहेर पडत होती. कारकून फायली बांधत होता.

"नामाख्वा? हजर नव्हता."

"हजर नव्हता? तो काय तिथे बसलाय."

"आता पुढच्या खेपेला, ताई."

"कधी?"

"पेट्रोल मिळेल तेव्हा."

ती परतली. स्वतःची एवढी चीड तिला आजवर आली नव्हती. सर मात्र खुशीत होते. "तुझी मुलाखत आज सगळ्यांना ऐकवू," ते म्हणाले.

लामेकी अजून गुडघ्यांवरच होता. चेहरा हलका झाला होता, खूप दिवसांनी पोटभर जेवल्यासारखा.

"बाईसाहेब," त्याने विचारलं, "मग किती वर्षं दिलीत?"