नऊ युनिट

नेलिदा ओखेदाने बिस्किटांचा पत्र्याचा डबा न्यायाधीशांच्या टेबलावर उघडला. आत बावीस वर्षांची विजेची बिलं होती. वर्षावार गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला रबर, प्रत्येक बिलावर तिचं नाव आणि भरल्याचा शिक्का. एकही गहाळ नव्हतं.

तिची वकील रोमिना हसली. घर मिळवून देणारा कागद हाच होता. मूळ मालक बेनितेस स्पेनला निघून गेला तेव्हा घराचं छप्पर खाली आलं होतं. नेलिदा आणि तिचा नवरा अन्सेल्मो यांनी ते चढवलं, दारं बसवली, वीज आपल्या नावावर घेतली. मालकाने वीस वर्षं ढुंकून पाहिलं नाही आणि तुम्ही तिथे राहत होता हे सिद्ध झालं, तर घर तुमचं, असा कायदा आहे. मात्र नुसते साक्षीदार त्याला पुरत नाहीत. कागद लागतो. बेनितेस मेला आणि त्याचा भाचा उगवला. घर कुलूपबंद होतं, ही बाई परवा-परवा आत शिरली, असं त्याचं म्हणणं. घरपट्टी तो माद्रिदहून भरत आला होता.

शेजारीण तेरेसिता साक्ष देऊन मागच्या बाकावर बसली होती. "सकाळचा येर्बाचा काढा मी रोज हिच्याकडेच पिते," तिने शपथेवर सांगितलं होतं. "ही कालचीच पानं वाळवून परत घालते. नुसतं गवताचं पाणी! पण बावीस वर्षं पाजतेय." कोर्टात हशा पिकला होता.

भाच्याचा वकील बराच वेळ बिलं चाळत राहिला. आता हा हरकत घेणार, असं नेलिदाला वाटलं. तो उठला.

"माझी हरकत नाही. उलट ही बिलं दाखल करून घ्यावीत, अशी माझीच विनंती आहे."

नेलिदाने आनंदाने रोमिनाचा हात दाबला. रोमिनाचं हसू मात्र गेलं होतं.

"महिन्याला नऊ युनिट," वकील म्हणाला. "कधी आठ, कधी दहा. चार खोल्या, दोन माणसं आणि आपल्या रेसिस्तेन्सिया शहरातला भट्टीसारखा उन्हाळा. हा राहत्या घराचा आकडा नाही. बंद घरात कोणी विसरून गेलेल्या एका दिव्याचा आहे."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "बाई, नऊ युनिटांत तुम्ही राहायचात कशा?"

हे नेलिदाला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ती उत्साहाने सांगू लागली. फ्रीज घेतलाच नाही, मांस त्या दिवसापुरतं आणायचं. मसूर रात्री भिजवायचे, सकाळी एक उकळी आली की पातेलं घोंगडीत गुंडाळून ठेवायचं, दुपारपर्यंत आपोआप शिजतात. पाणी एकदाच तापवायचं आणि थर्मासमध्ये भरायचं. इस्त्री कशाला? ओलसर कपडे घडी करून गादीखाली ठेवले की झालं. डिसेंबर ते मार्च, उन्हाळाभर, खाटा अंगणात, म्हणजे पंखा नको. शिवण खिडकीशी, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात. घरात एका वेळी दिवा एकच, आणि माणूस उठला की तोही बंद.

"तुझ्याकडे चोर शिरला तर ठेचकाळूनच मरेल, असं मी म्हणायचे," तेरेसिता मागून म्हणाली. शिपायाने तिला गप्प केलं.

"अन्सेल्मो म्हणायचा, पुढच्या महिन्यापासून कंपनीच आपल्याला पैसे देईल," नेलिदा म्हणाली. "वाचलेलं सगळं या खटल्यासाठी ठेवत होतो, बाईसाहेब. वकील, मोजणी, नकाशा. घर नावावर झालं की चारही खोल्यांत दिवे लावायचे, असं आमचं ठरलं होतं. तो तेवढा थांबला नाही."

टाइप करणाऱ्याची बोटं थांबली होती. न्यायाधीशांनी भाच्याच्या वकिलाकडे पाहिलं, मग पुन्हा नेलिदाकडे.

"याचा काही कागद आहे?"

"कशाचा? घोंगडीचा?"



निकाल दीड महिन्याने आला. रोमिनाने तो आपल्या ऑफिसात वाचून दाखवला. साक्षीदार प्रामाणिक वाटतात, परंतु त्यांचे म्हणणे कागदाशी जुळत नाही. अर्जदाराने स्वतः दाखल केलेल्या बिलांवरून या वास्तूत कोणाचेही वास्तव्य नसल्याचे सिद्ध होते. अर्ज फेटाळण्यात येत आहे. भाच्याचा उलट दावा मंजूर. साठ दिवसांत ताबा द्यावा.

"अपील करू," रोमिना म्हणाली. आवाजात जोर नव्हता.

नेलिदाने निकालाची नीट घडी केली. डबा परत मिळाला होता, त्यात तो ठेवला. बसचं भाडं वाचवायची सवय होती, म्हणून ती चालत घरी गेली. पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती.

तिने स्वयंपाकघरातला दिवा लावला. मग झोपायच्या खोलीतला. उरलेल्या दोन खोल्यांत दिवेच नव्हते, नुसते होल्डर होते. अन्सेल्मोने त्या दिवसासाठी आणून ठेवलेले दिवे कपाटात खोक्यासकट पडून होते. स्टुलावर चढून तिने ते बसवले. दोन्ही लागले. शेवटी अंगणातलाही लावला. भिंतीवरचे पोपडे, अन्सेल्मोने ठोकलेले खिळे, छपराची वाकडी कड, सगळं एकदम दिसायला लागलं. ती मधल्या खोलीत खुर्ची ओढून बसली.

थोड्या वेळाने कुंपणापलीकडून तेरेसिताची हाक आली.

"नेलिदा! अगं, एवढा उजेड? कोण राहायला आलंय?"

"कोणी नाही गं," नेलिदा म्हणाली. "कोर्टानं तसं लिहून दिलंय."