पाचवा ग्लास

तापातून उठल्यापासून देवस्थळींना कशाचाच वास येत नव्हता, आणि कारखान्यात त्यांनी हे कुणालाही कळू दिलं नव्हतं.

नव्या व्हिस्कीचं लेबल छापून आलं होतं: स्कॉटलंड, आयर्लंड, जपान आणि भारत इथल्या व्हिस्कींचं मिश्रण. खाली मिश्रण करणारे म्हणून त्यांची सही. नेहमीसारखे डोळे मिटून ते त्यांची मदतनीस मृदुलाने हातात दिलेला एकेक ग्लास नाकाशी नेत होते आणि तीस वर्षांच्या आठवणीवर बोलत होते. “हिच्यात धूर आहे. ही मधासारखी. हिला चंदनाचा वास. ही आपली, जरा तिखट. आणि ही? वा! हिचं प्रमाण वाढव.”

मृदुलाची पेन्सिल थांबली. वास ओळखायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

“सर, लेबलवर देश चारच आहेत,” ती हळूच म्हणाली. “ग्लास पाच होते.”

देवस्थळींनी डोळे उघडले. नाकाची परीक्षा म्हणून एका ग्लासात नुसतं रंगवलेलं पाणी ठेवायचं, ही पद्धत त्यांनीच पाडली होती. ते पाणी न ओळखणाऱ्या सात जणांना त्यांनी आजवर घरी पाठवलं होतं, आणि एकाचंही काही ऐकून घेतलं नव्हतं.