भेंडीच्या वावरातला फोटो

धुरपदाबाईंनी फोटो खिडकीपाशी नेला, पदराने पुसला आणि पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

"मी कोठे शे वं यात?"

फोटोत त्यांचं सुरतेजवळच्या सचिन गावाच्या कडेचं, वाट्याने केलेलं भेंडीचं वावर होतं. मागे मिलचं धुराडं. आभाळात सूर्य गेला त्या वाटेचा पांढरा ओरखडा. लिंबाखाली खाट आणि खाटेवर त्यांचे यजमान हिलालबाबा, पोटाच्या उंचवट्यासकट. धुरपदाबाई मात्र कुठेच नव्हत्या. दिवाळीचं लुगडं नेसून दिवसभर त्यांनी त्याच वावरात खुरप्याने तण निंदलं होतं.

"आजी, हा माझा डब्याचा कॅमेरा," नात योगिता म्हणाली. "पत्र्याच्या डब्याला सुईएवढं भोक, आत कागद. अख्ख्या दिवसाचं ऊन त्या एका कागदावर उतरतं. हललं नाही ते उमटतं. तू तर घडीभर थांबली नाहीस."

"म्हणजे राबली ती गेली, अन् घोरला तो राहिला?"

हिलालबाबांनी बशीतला चहा फुंकला. "फोटोत कसं राहायचं ते माणसाला कळावं लागतं."

फोटो कतारगामला प्रदर्शनात लागायचा होता. नवागामच्या आपल्या गल्लीतल्या सगळ्या बायांना धुरपदाबाईंनी बोलावून ठेवलं होतं.

"डबा पुन्हा लाव," त्या म्हणाल्या. "रविवारी खाटेवर मी बसेन. खुरपं यांच्या हातात."

बसणं सोपं नव्हतं. पायाजवळच गवताचं पातं डोलत होतं. हात दोनदा तिकडे गेला, दोनदा योगिताने डोळे वटारले. मग हळूहळू हात मांडीवर निवांत पडले. एवढ्या वर्षांत वावर त्यांनी नेहमी वाकून बघितलं होतं. आज ते बांधापासून बांधापर्यंत दिसत होतं, पिवळ्या फुलांसकट.

नव्या फोटोत त्या खाटेवर ठसठशीत बसल्या होत्या, पाय वर घेऊन. हिलालबाबांनी चष्मा लावून फोटोतलं वावर पालथं घातलं.

"दिवसभर कंबर मोडली. मी कुठे आहे?"

धुरपदाबाईंनी भेंडीच्या ओळींमधल्या साफ पट्ट्यावर बोट ठेवलं, ते सावकाश पुढे नेलं आणि गवत सुरू झालं तिथे थांबवलं.

"इथवर होतात. इथून पुढं चहाला गेलात."