गाडीची पारख

मुलीनं लाल स्कूटरच्या इंजिनाला तळहात लावला आणि झटकन मागे घेतला.

"काका, ही आज सुरू केली होती का?"

"छे! सकाळपासून जागची हललेली नाही."

"मग सावलीत उभ्या उभ्या तापली कशी?"

जुन्या स्कूटर विकण्यात पारखीशेठांची बावीस वर्षं गेली होती. आवाज ऐकून गाडी ओळखतो आणि चेहरा बघून माणूस, असं ते येताजाता सांगत, म्हणून बाजारानं त्यांना हे नाव चिकटवलं होतं. लाल गाडी थंड असली की सुरू व्हायला फार नखरे करायची. त्यामुळे गिऱ्हाईक यायच्या आधी ते ती गुपचूप गरम करून ठेवत. आजवर कुणी हात लावून बघितलं नव्हतं, आणि आज एका कॉलेजच्या पोरीपुढे त्यांची डाळ शिजली नाही.

राग यायला हवा होता, पण त्यांना हसूच आलं.

"कुणी शिकवलं गं तुला हे?"

"मैत्रिणीनं."

"भलतीच हुशार दिसते. दुकान काढायला सांग तिला."

मुलगी ओठ दाबून हसली आणि पुढच्या गाडीकडे वळली. हातात एक यादी होती. ती उकिडवी बसून टायर बघत होती, हँडल दोन्ही बाजूंना वळवून बघत होती, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबत होती. एका निळ्या गाडीचा पांढरा धूर बघून तिनं नाक मुरडलं. पारखीशेठ मागे मागे फिरत होते. असं चोखंदळ गिऱ्हाईक कितीतरी दिवसांत आलं नव्हतं, त्यांना मजा वाटायला लागली होती.

कोपऱ्यात एक राखाडी स्कूटर होती. रंग उडालेला, सीट शिवलेली, आरसा एकच. पण एका निवृत्त शिक्षिकेनं ती लेकरासारखी सांभाळली होती, सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती डिकीत होती. मुलीनं ती सुरू केली. पहिल्याच झटक्यात इंजिन एका लयीत चालू लागलं.

"हीच," ती म्हणाली.

"नजर आहे तुला! पण किंमत लालपेक्षा जास्त आहे बरं का."

किंमत ऐकून मुलीचा चेहरा उतरला. "एवढे नाहीत माझ्याकडे."

"मग लाल घे. तुझ्या पैशांत बसते."

"लाल मला वाटेत सोडून देईल, काका. प्रॅक्टिकल सकाळी सातला असतं. दोन बस बदलून पोचेपर्यंत दार बंद होतं. आणखी दोन गैरहजेऱ्या झाल्या की परीक्षेला बसू देणार नाहीत. अख्खं वर्ष जाईल."

"घरी सांगितलंस हे?"

"आई आमच्या बाजूनं आहे. वडील ऐकूनच घेत नाहीत. गाडीचं नाव काढलं की उठून जातात."

"पैशांची अडचण असेल."

"अडचण कसली! म्हणतात, बसनं जायला काय धाड भरलीय? हवीच असेल तर स्वतःच्या कमाईनं घे. हे पैसे शिकवण्या घेऊन साठवलेत."

पारखीशेठांचा पारा चढला. "बाप आहे की दगड? ऐपत असून पोरीला बसच्या मागे पळवतो! मलाही मुलगी आहे. तिच्यावर अशी वेळ आली असती ना, तर तिला तोंड उघडावंसुद्धा लागलं नसतं!"

मुलीनं खाली मान घातली. तिचे खांदे हलत होते. पोर रडतेय, हे पारखीशेठांनी लगेच ओळखलं, आणि ते पार विरघळले.

"रडू नकोस. तुझ्याकडे आहेत तेवढ्यात ने राखाडी. दुसरा आरसा माझ्याकडून. आणि हे हेल्मेट घे."

"खरंच, काका?"

"व्यवहारात मी पक्का आहे, पण माणूस आहे गं! कागदावर नाव काय घालू?"

"नावाची जागा कोरी ठेवा. ते घरी ठरेल."

त्यांनी कागद तयार केले. पण बापाचा राग काही उतरेना. शेवटी त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं:

'साहेब, तुमची मुलगी कष्टानं पैसे साठवते, गाडी पारखून घेते. अशी लेक मिळायला भाग्य लागतं. आता तरी मन मोठं करा. पेट्रोलचा खर्च तुम्ही उचला, आणि जमलं तर तिची माफी मागा.'

"ही चिठ्ठी तुझ्या वडिलांच्या हातात पडली पाहिजे," त्यांनी बजावलं.

"पडेल, काका. नक्की पडेल," मुलगी म्हणाली आणि स्कूटर घेऊन निघून गेली.

त्या दिवशी पारखीशेठांनी नफ्यावर पाणी सोडलं होतं, तरी ते दिवसभर शीळ घालत होते. इतका आनंद त्यांना चार गाड्या विकूनही झाला नसता. संध्याकाळी घरी चहा घेताना त्यांनी बायकोला सगळी हकिगत रंगवून सांगितली.

"काय एकेक बाप असतात!" ते म्हणाले.

"असतात खरे," बायको म्हणाली आणि घाईघाईनं आत निघून गेली.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. त्यांची लेक हातात तेच हेल्मेट घेऊन आत आली आणि तिनं एक घडी घातलेला कागद त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, दुकानदारानं ही चिठ्ठी तुमच्या हातात द्यायला सांगितलीय."