सरळ हात

विज्ञानाच्या बाई बारा वर्षं शाळेत एकच धडा शिकवत आल्या होत्या: प्रकाश पाण्यातून हवेत येताना वळतो, म्हणून पाण्यात अर्धवट बुडवलेली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते.

रविवारी सकाळी त्यांचा नवरा माशांची नवी काचपेटी घासत होता. बाई समोर चहा घेत बसल्या होत्या. ब्रशचा दांडा पाण्यापाशी मोडलेला दिसत होता. नवऱ्याचा पाण्यात बुडालेला हात मात्र सरळच्या सरळ होता.

बाईंनी मान तिरकी करून पाहिलं, डोळे पुसून पाहिलं. शेवटी उठून स्वतःचा हात पाण्यात घातला. तो मनगटापाशी व्यवस्थित मोडलेला दिसला.

“तुझा हात असा का दिसतोय?” त्यांनी विचारलं.

नवऱ्याने काचेचा पुढचा कोपरा घासायला घेतला. ब्रश चालूच राहिला.

पलीकडे बाईंची आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

“आई, जरा इकडे येऊन बघ गं.”

“बघितलंय मी,” आई मान वर न करता म्हणाली. “तुझं लग्न ठरवायच्या आधीच बघितलं होतं. तुझ्या बाबांचाही असाच होता. होते सवय.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो हसत होता. त्यांच्याकडे बघून नाही, आईकडे बघून.