मूळ आवाज

“मातृभाषेला आता मरण नाही!” मुलाने दोन्ही हात पसरून जाहीर केलं. ऐकायला तिघीच होत्या. त्याची बायको फोनवर दुसऱ्याच भाषेत कुणाला तरी झापत होती. त्यांची सात वर्षांची मुलगी सोफ्यावरून उलटी लोंबकळत होती. आणि त्याची आई कडेला अंग चोरून बसली होती; तिला मध्ये बोलायचं नाही अशी ताकीद होती.

टीपॉयवर ‘आजी’ ठेवली होती. ‘आजी’ म्हणजे एक गोल डबा. त्याच्याशी आपल्या भाषेत बोललं की तो आपल्या भाषेत उत्तर द्यायचा, गोष्टी सांगायचा, लाडात यायचा. ज्या ज्या घरात पोरांना आईबापांची भाषा येत नव्हती, त्या त्या घरात तो उद्यापासून जाणार होता. सुरुवात याच घरापासून झाली होती. बायकोने डब्याला शालीची खोळ शिवली होती. शाल आईची. तसं आईला विचारलं होतं, कापून झाल्यावर.

आवाजही आईचाच. त्यासाठी मुलाने दोन महिने तिला कपड्यांच्या कपाटात बसवलं होतं. लटकलेल्या कोटांमुळे तिथे आवाज घुमत नाही. आई कोटांना गोष्टी सांगायची. मग मुलगा त्यातून खोकला काढायचा, धाप काढायचा, “काय बाई सांगायचं” काढायचा. रागावणंही रेकॉर्ड केलं होतं. ते ग्राहकांना आवडणार नाही म्हणून तेही काढलं. उरली ती आजी फार गोड होती.

काम संपलं होतं. आईच्या खोलीत आता ऑफिस थाटायचं होतं आणि आईची सोय गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात झाली होती. गाडी खाली येऊन उभी होती. “पण पोरगी राहू दे म्हणाली, तर राहू दे,” असं मुलगा म्हणाला होता. तो मनाने वाईट नव्हता. निर्णय घ्यायचा त्याला कंटाळा होता एवढंच. आईने मात्र ते वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं. सकाळपासून तिने नातीची वेणी तीनदा घातली होती.

“आजी, खेकड्याची गोष्ट सांग,” मुलगी म्हणाली.

आईने तोंड उघडलं. डब्याने आधी सुरुवात केली.

“एक होता खेकडा. त्याला आलं लग्नाचं आमंत्रण. पण एवढ्या सगळ्या पायांना चपला आणायच्या कुठून?”

मुलगी सरळ होऊन बसली. “मग अनवाणी जा म्हणावं!” ती डब्याला म्हणाली आणि खिदळली. मुलाने बायकोला कोपराने ढोसलं. बघ, कशी बोलतेय!

“मग खेकडा रडायला लागला,” डबा म्हणाला.

“रडतो कुठला मेला!” आईला राहवेना. “त्याला शिंक येते, आणि सगळ्या चपला…”

“श्श!” मुलगी म्हणाली. “आजी बोलतेय ना!”

“शिंकेच्या जागी तुला खोकला आला होता, आई,” मुलाने समजावलं. “म्हणून रडवला त्याला.”

डब्यावरचा दिवा लुकलुकला. “आपला आवाज ओळखता आला नाही,” तो आईच्या आवाजात आईला म्हणाला. “कृपया स्पष्ट बोला.”

आईने घसा खाकरला. “अगं, मी आहे.”

“आपला आवाज ओळखता आला नाही.”

“लहान मुलांच्या सुरक्षेसाठी आहे ते,” मुलगा अभिमानाने म्हणाला. “परक्या माणसाला दादच देत नाही.”

खालून हॉर्न वाजला. मुलगा मुलीपुढे उकिडवा बसला.

“पिल्लू, आजीने जायचं की राहायचं? तू म्हणशील तसं.”

बायकोने फोन खाली ठेवला. मुलगी विचार करू लागली, अगदी प्रामाणिकपणे.

“तिला तीच गोष्ट पुन्हा सांग म्हटलं की ती वेगळीच सांगते. मध्येच झोपते. आणि आधी हात धू म्हणते.” तिने डबा मांडीवर ओढला. “ही नाही म्हणत.”

“मग?”

“मग जाऊ दे. तिच्या खोलीत माझी सायकल ठेवायची?”

“तिथे बाबांचं ऑफिस व्हायचंय, राणी.”

मुलीने भोकाड पसरलं. “मला पाहिजे! मला तिथेच पाहिजे! तुम्ही नेहमी असंच करता!” बायको धावली, मुलगा धावला. समजूत काढता काढता दोघांच्या नाकी नऊ आले. शेवटी सायकलीसाठी एक कोपरा मंजूर झाला. एवढ्या मोठ्या खोलीतून एक कोपरा निघू शकतो, हे तोपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“पण बघितलंस का?” मुलगा घाम पुसत बायकोला म्हणाला. “हट्टसुद्धा आपल्या भाषेत केला!”

आईने पिशवी उचलली. दारापर्यंत ती गेली.

“आजी!” मागून हाक आली.

“काय गं बाळा?” डबा म्हणाला.

“तू नाही,” मुलगी त्याला म्हणाली. “ती.”

आई गर्रकन वळली. पिशवी तिच्या हातातून खाली उतरली.

“जाता जाता हिला चार्जिंगला लाव ना,” मुलगी म्हणाली. “बटण सोफ्याच्या मागे आहे. खूप वाकावं लागतं.”